समोर जनावर नव्हतं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

चि. अंगद,

अक्षर ओळखलंस का? दहावीत ज्या अक्षरासाठी बाई वर्गात वही फिरवून दाखवायच्या तेच हे. जरा थरथरतं, एवढाच फरक. कागद घरखर्चाच्या वहीतला आहे, मागची पानं कोरी होती. वेगळा कागद आणला असता तर कुणाला लिहितेस, असं विचारलं गेलं असतं.

हे पत्र पोचेल का ते दत्तमहाराजांना ठाऊक. पत्ता निकितानं शोधून दिला, पिक्चर काढणाऱ्या कंपनीचा. वर तुझं नाव इंग्रजीतून तिनंच घातलं. ती आता नगरला फार्मसीला आहे, होस्टेलवर राहते. तू गेलास तेव्हा सात वर्षांची होती, तुझ्या खांद्यावरून खाली उतरायची नाही.

सोमवारी तिनं मोबाईलवर तो पिक्चर पाठवला. मी पिक्चर बघत नाही हे तिला माहीत आहे. पण खाली लिहिलं होतं, "आई, घोडेगावचा रुमाल हाँगकाँगला गेला बघ." म्हणून बघितला. दुपारी दोन ते चार, देवघरासमोर बसून, आवाज बारीक करून. तुझे दाजी राहुरीला म्हशी बघायला गेले होते.

सगळे हिंदीत बोलतात, पण ओठ वेगळेच हलतात. निकिता म्हणाली, मूळ भाषा कँटोनीज आहे, चिनीच पण त्या गावची घरातली, जशी आपली हाय-न्हाई. सुक्या मासळीचा बाजार आहे, धक्क्यावरचा. एक दलाल समोरच्याचा हात हातात घेतो, वर रुमाल टाकतो आणि आतल्या आत बोटं दाबतो. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, मूठ धरली की पाच. तोंडानं शब्द नाही. भोवती माणसं उभी, पण भाव त्या दोघांनाच कळतो. हे तर दर शुक्रवारचं आपल्या बाजारातलं! चुलीपुढं बसून तूच मला ते शिकवलं होतंस, आठवतं का? "अक्का, हात दे," म्हणालास आणि माझ्याच पदराखाली माझी बोटं दाबलीस. दाजींनी मला कधी शिकवलं नाही. बायकांना काय करायचंय, म्हणायचे.

मग पिक्चरात तो तिसऱ्यांदा रुमाल टाकतो आणि काट्यावर मासळीच नसते. टोपली रिकामी. समोर एक ट्रकवाला बसलेला. स्वयंपाकघरात काम करणारा एक पोरगा ते बघतो आणि त्याला काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी दलालाचा भागीदार ट्रकखाली सापडतो आणि बोल येतो त्या पोरावर.

दलालाचं तोंड पिक्चरभर दाखवलेलं नाही. फक्त हात. करंगळीशेजारचं बोट अर्धं.

अंगद, कडबाकुट्टीत बोट गेलेली माणसं जगात पुष्कळ असतील.

शेवटी नावांची रांग वर सरकते. निकितानं तिथं थांबवून फोटो काढून पाठवला. "आभार" लिहून खाली सहा-सात चिनी नावं, आणि मधेच इंग्रजीत अंगद, स्वयंपाकघर. तू जिवंत आहेस हे मला असं कळलं.

तब्येत कशी आहे? तिकडं थंडी असते का? आई गेली, २०१६ च्या श्रावणात. तुला कळवायला पत्ता नव्हता.

उत्तर लिहिलंस तर घरी पाठवू नकोस. निकिताच्या होस्टेलचा पत्ता मागं लिहिलाय. आता पत्त्यावर अहिल्यानगर लिहितात, पण नगर लिहिलंस तरी पोस्टमन आणून देतो. दाजींबद्दल काही लिहू नकोस. फक्त एवढंच कळव की हा रुमाल तू पिक्चरवाल्यांना सांगितलास, की त्यांनी आपल्या मनानं रचला. मी देवगडला दर्शनाला म्हणून निघालेय, फाट्याच्या पोस्टात टाकीन.

तुझी अक्का


॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गुरुवार, ३० जानेवारी २०२५

चि. अंगद,

तुझं उत्तर अजून नाही. पोस्टात साहेब म्हणाले, परदेशचं आहे, दोन-तीन आठवडे धरा. पण मला थांबवत नाही.

संक्रांतीला निकिता आली होती. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, हा पिक्चर काढणारा माणूस कोण, खरं दाखवतो की मनचं? लाडू वळता वळता तिनं मोबाईलवरून मराठी करून सांगितलं. नाव मोक साय-हॉन. बाप मासळी खारवायचा. पंधराव्या वर्षी स्टुडिओत दिवे उचलायला लागला, सत्ताविसाव्या वर्षी पहिला पिक्चर. नऊ वर्षांत मारामारीचे अकरा पिक्चर काढले. सगळ्यांत शेवटी दुष्ट माणूस गच्चीवरून खाली पडतो आणि लोक शिट्ट्या मारतात. मग लोकांना कंटाळा आला. तीन पिक्चर पडले आणि दारात कुणी उभं करेना. आठ वर्षं लग्नाच्या आणि दुकानांच्या उद्घाटनाच्या शूटिंगवर पोट भरलं. घर बदललं, लहान घेतलं. जेवायला तिसऱ्या मजल्यावरच्या एका हिंदुस्थानी खानावळीत जायचा, कारण तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं.

म्हणजे तुझ्याकडंच ना?

मला त्या माणसाबद्दल बरं वाटलं. पडल्यावर गुपचूप वरण-भात खाऊन दिवस काढणारा माणूस वाईट नसावा. पण पुढचं ऐकलं आणि हातातला लाडू तसाच राहिला. पिक्चर गाजल्यावर तिकडच्या लोकांनी त्याला विचारलं, आपल्या धक्क्यावर रुमाल टाकायची पद्धत कधीच नव्हती, ही कुठून आणली? तो म्हणाला, "अकरा पिक्चर मी रचले. हा बारावा ऐकला. मला जेवायला वाढणाऱ्या माणसानं सांगितला. मी फक्त म्हशी काढून मासे घातले."

निकिता मोठ्यानं वाचत होती. दाजी ओसरीवर दाढी करत होते.

अंगद, बिभीषण भाऊजी शुक्रवारी पाचच्या सुमाराला, बाजार उठताना टेम्पोखाली गेले, त्याला बारा वर्षं झाली. दाजींचे भागीदार, दर शुक्रवारी आपल्याकडं चहाला यायचे, साखर जास्त लागायची त्यांना. भागीदारी मोडायची म्हणून दोन महिने कुरबूर चालली होती. टेम्पो आपलाच, चालवायचास तू, म्हणून लोकांनी तुझंच नाव घेतलं. मीही घेतलं. आता तू तिकडं कुणाला जेवण वाढता वाढता काहीतरी वेगळं सांगतोस आणि ते सगळ्या जगाला दिसतंय. मला काही उमजत नाही असं मी म्हणत होते.

गेल्या शुक्रवारी भीमा आला. आता टेम्पो तोच चालवतो, तू गेल्यापासून. अंगणातूनच ओरडला, "वहिनी, चिन्यांनी आपला बाजार उचलला की!"

मी म्हटलं, "काय उचललं?"

"रुमाल! आख्ख्या घोडेगावात फिरतोय त्यो पिक्चर. म्हशीवाले खो खो हासत्यात. अन् दलालाचं बोट पन मालकावानी तुटकं, आता बोला!"

दाजी हौदावर तोंड धूत होते. म्हणाले, "कुनी दावलं तुला?"

"समद्यांकडं हाय, मालक. तुमाला धाडू?"

"काढला कुनी?"

"कोन मोक का फोक हाय."

"त्यो न्हाई रं. त्याला सांगितलं कुनी?"

भीमाचं हसू एकदम बंद पडलं. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं, अंगद, आणि मला पिक्चरातला तो ट्रकवाला आठवला. दाजी टॉवेलनं तोंड पुसत राहिले, पुसून झालं तरी पुसत राहिले. टॉवेलाच्या वरून माझ्याकडं बघत होते.

त्या दिवसापासून चहा दिला की आधी माझ्याकडं बघतात, मग कपाकडं.

तुला एक सांगायचं राहिलं. तुझ्या नावानं वॉरंट निघालं ते माझ्या जबाबामुळं, असं तुला कुणी सांगितलं असेल. ती त्या हवालदाराची चूक होती. त्यानं विचारलं, शुक्रवारी घरी उशिरा कोण आलं? मी म्हटलं, हे उशिरा आले. "हे म्हणजे कोण?" आता मी नवऱ्याचं नाव कसं घेणार? मी खाली बघितलं. दाजी शेजारच्या खुर्चीवर होते. म्हणाले, "अंगद, तिचा भाऊ. लाजतीय ती." हवालदारानं तसं लिहून घेतलं. घाईत होता. असं झालं ते.

दत्तमहाराज तुला सुखी ठेवोत.

अक्का


॥ श्री ॥

गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

अंगद,

तुझं पत्र मिळालं. निकितानं परवाच्या रविवारी आणलं, पुस्तकात घालून. मी ते गोठ्यात उभी राहून वाचलं, तीनदा वाचलं आणि पाणी तापवायच्या चुलीत घातलं. पाठ झालंय.

"अक्का, त्या शुक्रवारी दाजींनी भीमाच्या हातावर रुमाल टाकला होता, पण समोर जनावर नव्हतं. मला ताप होता म्हणून किल्ली दाजींना देऊन मी कुणाच्या तरी मोटरसायकलवर घरी आलो. पाच वाजता मी कुठं होतो ते तुला माहीत आहे."

एवढंच. बाकी सगळं तुझ्या मोक साहेबांबद्दल. त्यांना फुप्फुसाचं दुखणं आहे, बाराव्या पिक्चरावर बक्षीस मिळालं तरी तेराव्याला दम नाही म्हणतात. रोज जेवायला येतात आणि विचारतात, तुझ्या बहिणीचं काय झालं? तू रोज सांगतोस, माहीत नाही.

पिक्चरातली ती बाई मी आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तुला लिहिलं नाही. दलालाची बायको. तिचंही तोंड दाखवलेलं नाही, उदबत्ती लावणारे हात तेवढे. दलाल दिवेलागणीला घरी येतो, खांद्यावरचा रुमाल तिच्या हातात देतो आणि म्हणतो, आत्ताच धू. ती धुते. शेवटी ती रुमाल दोरीवर वाळत घालते, दारात पोलिसाचे बूट दिसतात आणि पडदा काळा होतो. तू लिहिलंस की ती बोलते असाही शेवट मोक साहेबांनी काढला होता, मग काढून टाकला. म्हणाले, ती बोलली का ते आपल्याला ठाऊक नाही, अकरा वेळा खोटा शेवट केला, आता नको.

मी तो शेवट आता चारदा बघितलाय. दरवेळी वाटतं, आता ती वळेल.

तुझ्या पत्रानंतर मला भीती वाटते असं मी म्हणणार नाही, कारण भीती आधीच होती. आता ती कशाची ते कळलंय. भांडं पडलं तरी दचकते. जपाची माळ हातात घेते आणि कितव्या मण्यावर आहे ते हरवतं. दाजींनी बुधवारी सकाळी सहज विचारलं, "तुझ्या भावाचा काय पत्ता लागला का गं?" मी म्हटलं, "मेला असेल." आणि म्हणताना माझी जीभ जराही अडली नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

मग दुपारचं जेवण झालं. मी ताटं उचलत होते. दाजी म्हणाले, "बस जरा." मी बसले. म्हणाले, "हात दे." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझा हात त्यांनी असा मागितला नव्हता. खांद्यावरचा रुमाल काढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला.

"समदा गाव हासतोय रुमालाला. तुला बी कळू दे काय असतं ते. सांग बरं, किती?"

रुमालाखाली त्यांचा हात गरम होता. अर्धं बोट माझ्या मनगटाला लागत होतं. त्यांनी माझी दोन बोटं धरली. तर्जनी आणि मधलं. दाबली. सोडली. परत दाबली.

दोन.

मला कळलं, अंगद. तू शिकवलं होतंस. पण मला येतं हे त्यांना माहीत नाही. दोन काय? दोन कोण? मी आणि तू? मी आणि निकिता? स्वयंपाकघर रिकामं होतं, समोर ताटं होती, बाकी काहीच नव्हतं.

मी म्हटलं, "मला नाही बाई कळत यातलं."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मी पदर सारखा केला आणि हसले. कसं हसले कोण जाणे. मग त्यांनी रुमाल ओढून घेतला, झटकला आणि म्हणाले, "बरोबर हाय. समोर जनावर न्हाई, तुला कसं कळायचं?"

हे शब्द, अंगद. तुझ्या पत्रातले शब्द. पत्र मी जाळलं होतं. त्यांनी ते कुठं वाचलं? की हे त्यांच्याही मनात बारा वर्षं होतं? विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली आहे.

मी आता पोस्टात येऊ शकणार नाही असं दिसतं. आजच इथं पोस्टात येताना भीमा फाट्यावर उभा होता. म्हणाला, "वहिनी, देवगडला रोज जाता काय आता? देवाला बी दम खाऊ द्या." मी म्हटलं, नवस आहे. म्हणाला, "कुनाच्या नावाचा?"

अक्का


शुक्रवार, २८ फेब्रुवारी २०२५
नगर, निकिताच्या होस्टेलवरून, सकाळी

अंगद,

आज वर देवाचं नाव लिहिलं नाही. आज जे लिहायचं ते त्याच्या नावाखाली झाकायचं नाही.

शुक्रवार निवडला कारण बाजार आहे. दाजी सहाला घोडेगावला गेले, भीमाही गेला. मी स्वयंपाक करून झाकून ठेवला, म्हशींना वैरण टाकली, दिवा लावला आणि एसटीत बसले. अंगावरची साडी आणि पिशवीत पाण्याची बाटली. कोणी बघितलं की नाही, सांगता येत नाही. पांढरीच्या पुलापर्यंत एक टेम्पो मागं होता. आपला नव्हता. तरी नगर येईपर्यंत मी मान वळवली नाही.

निकिताला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं पोरगी कोसळेल. ती पलंगावर बसून ऐकत होती, मग म्हणाली, "आई, मला ते बोट पहिल्याच खेपेला दिसलं होतं. म्हणून तर तुला पाठवला. रुमालाचं नुसतं निमित्त लिहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस का ते बघत होते."

वीस वर्षांची माझी लेक, दोन महिने माझ्यासारखीच गप्प बसली. हे तिनं माझ्याकडूनच उचललंय.

आता ऐक. मी तुला दुसऱ्या पत्रात लिहिलं की चूक हवालदाराची होती. तसं नव्हतं.

त्या शुक्रवारी पाच वाजता तू माझ्या चुलीपुढं घोंगडी पांघरून बसला होतास. अंग भाजत होतं. मी पिठलं केलं होतं, तुला दोन घास जाईनात, आई तुझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवत होती. दाजी आले दिवेलागणीला. रुमाल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आत्ताच धू. त्याला काळं वंगण होतं आणि वंगणात आणखी काही होतं. मी ते बघितलं. मार्गशीर्ष होता, आदल्या दिवशीच मी गुरुवारची पूजा मांडली होती, उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं अजून पुसली नव्हती. मी रुमाल धुतला.

हवालदार आले तेव्हा दाजींनी तुझं नाव सांगितलं आणि मी मान खाली घातली. मला सगळं कळत होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, ते मला आडोशाला सापडलं. खरं सांगू? जबाबाखाली मी सही केली. माझ्या पूर्ण नावात मधे त्यांचं नाव आहेच. ते लिहिताना हात अडखळला नाही. जीभ तेवढी अडली म्हणे!

आणि पुढच्या उन्हाळ्यात तुझा फोन आला होता. तू "अक्का" म्हणालास आणि मी म्हटलं, मला भाऊ नाही. दाजी समोर बसले होते. ते बाहेर असते तरी मी तेच म्हटलं असतं, इतकी मी तेव्हा त्यांच्या बाजूची झाले होते. तू खरा असलास तर माझं घर खोटं ठरत होतं.

आई मरेपर्यंत म्हणत होती, "पोर चुलीपुढं होतं गं, गोजर." मी म्हणायचे, "तुला आठवत नाही, आई, तो दुसरा दिवस." म्हातारीला मी वेडं ठरवलं. ते माझ्या मानेवर आहे, त्याची माफी तुझ्याकडं मागून उपयोग नाही.

आम्ही निघतो आता. निकिता रिक्षा बघायला गेलीय.


त्याच दिवशी, पोलिसांच्या मोठ्या ऑफिसच्या बाहेर, बाकावर

आत एक पोलीसबाई होती, निकिताहून आठ-दहा वर्षांनी मोठी. म्हणाली, "काकू, बारा वर्षांपूर्वीचा अपघात? आज कसं आठवलं?"

निकितानं पिक्चरचं सांगितलं. दोन हवालदार ऐकत होते, त्यातला एक म्हणाला, "पिक्चर बघून आल्या व्हय! उद्या मालिका बघून येतील." ती बाईही हसली.

मी म्हटलं, "व्हय, पिक्चर बघूनच आले. त्यात मी आहे. पण त्या बाईला बोलताच येत नाही, म्हणून मी आले."

ती हसायची थांबली. खुर्ची पुढं ओढली. निकिताला म्हणाली, आईला पाणी दे, आणि कोरा कागद घेतला. मी सांगत गेले. घोंगडी सांगितली, पिठलं सांगितलं, मिठाच्या पाण्याची पट्टी सांगितली. तापात तुला कोण सोडायला आलं होतं ते तिनं विचारलं. मी म्हटलं, खालच्या आळीचे बन्सी, ते अजून आहेत, विचारा. मी बारा वर्षांत त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

मग तिनं तोच प्रश्न विचारला. शब्दही तेच.

"मग घरी उशिरा कोण आलं?"

"हे आले."

"हे म्हणजे कोण?"

शेजारची खुर्ची रिकामी होती. तरी मी तिकडं बघितलं, सवयीनं. निकिता माझ्याकडं बघत होती. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, सगळ्यांनी हसून हळद उधळली होती. त्यानंतर नाही. मला वाटलं, आता मी परत खाली बघणार.

मी म्हटलं, "राधाकृष्ण."

"मोठ्यानं. पूर्ण नाव सांगा."

"राधाकृष्ण सहादेव. माझा नवरा."

तिनं लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. मी सही केली. या खेपेला सही करायला वेळ लागला.

ती म्हणाली, जुनं प्रकरण आहे, वरती विचारावं लागेल, वकील लागेल, तुमच्या भावाला यावं लागेल, आणि भीमा काय बोलतो त्यावर पुष्कळ आहे. आजच्या आज काही होईल असं समजू नका. पण एक गाडी घोडेगावकडं निघालीय, चौकशीला. आणि मला म्हणाली, आज घरी जाऊ नका. मी म्हटलं, म्हशींचं दूध काढायचं राहील. ती म्हणाली, "काकू!"

आता पावणेपाच झालेत. बाजार पाचला उठतो. गाडी आधी पोचते की दाजी आधी घरी पोचतात आणि झाकलेला स्वयंपाक बघतात, ते माहीत नाही. निकिताचा मोबाईल दोनदा वाजला. दोन्ही वेळा तिनं नाव मला दाखवलं आणि आम्ही तो वाजू दिला. आता तिसऱ्यांदा वाजतोय.

मोक साहेबांना सांग, ती बाई दारातून बाहेर आली. पुढचं मला अजून ठाऊक नाही. त्यांनीही रचू नये.

तुझी अक्का,
गोजर